आयरिनने तागडी दिली त्याची गोष्ट

तागडी दिली त्या दिवशी आपण फार सुंदर दिसत होतो, असं आयरिनचं स्वतःचं मत आहे. मोतिया रंगाचं लुगडं, केसांत अबोली, चेहऱ्यावर आजाराने आलेला फिकेपणा आणि डोळ्यांत सगळ्या जगाला क्षमा. भाईंदर पश्चिमेच्या सुक्या मासळीच्या बाजाराने असं दृश्य पूर्वी पाहिलं नव्हतं. दोन बायका रडल्या. एक गिऱ्हाईकही रडलं, पण ते शेजारच्या मिरच्यांच्या पोत्यामुळे असावं.

मरणाऱ्या बाईने जे जे करायला हवं ते सगळं आयरिनने त्या दिवशी केलं. फक्त मरायचं तेवढं राहून गेलं.

आयरिन उत्तनची. तिचा नवरा मायकेल पूर्वी बोटीवर जायचा, आता दारात बसून लोकांची जाळी शिवतो. मुलगी कॅरेन मीरा रोडला एका ऑफिसात आहे. घरी आली की आधी खिडक्या उघडते आणि मग आईला मिठी मारते. सुक्या बोंबलाचा वास आपल्या घराला आहे हे आयरिनला मान्य नाही. तिच्या मते तो समुद्राला आहे.

घरामागे बांबूच्या वलांड्या उभ्या आहेत. त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील जोडीने वाळत घालायचे, दोघांची तोंडं एकमेकांत अडकवून. वाऱ्यावर ते हलतात तेव्हा लांबून वाटतं, कुणी चांदीच्या झालरी टांगल्यात. वाळले की पाटी भरायची, बस धरायची आणि भाईंदरच्या बाजारात ओट्यावर जाऊन बसायचं. आयरिनचा ओटा दारालगतचा पहिला. सकाळी सावली, दुपारी वारा, आणि आत शिरणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी तिच्या पुढ्यात. ही जागा तिच्या सासूची. सासूने जाताना ती थोरल्या सुनेला दिली आणि सोबत जवळा तोलायची पितळी तागडी दिली. धाकटी सून जेसिका, तिला समोरच्या कोपऱ्यातला, गटारावरच्या फरशीलगतचा ओटा मिळाला. तिथे सकाळी ऊन, दुपारी वास आणि गिऱ्हाईक नावाला.

तेव्हापासून दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलायचं असलं तर गिऱ्हाइकामार्फत.

"ताई, तेवढं त्या गटाराच्या राणीला सांगा, झाडू इकडं मारू नको."

"ताई, त्या महाराणीला सांगा, कचरा हवेनं उडतो, माज्या हातानं न्हाय."

गिऱ्हाईक बिचारं एकदा इकडे बघायचं, एकदा तिकडे, आणि पाव किलो जवळा घेऊन पळायचं.

जागा चांगली होतीच, पण आयरिनची खरी दौलत तिचा आवाज. "घ्याऽऽ बोंबील! उत्तनचा बोंबील!" ही हाक रिक्षा स्टँडपर्यंत जायची. बाजाराच्या वरच्या इमारतीत सगळी शाकाहारी कुटुंबं राहतात, तिथल्या एका काकांनी एकदा खाली येऊन हात जोडले होते, "बेन, थोडा धीरे." त्या दिवशी आयरिन आणखी जोरात ओरडली. आवाज देवाने दिलाय, सोसायटीने नाही, असं तिचं म्हणणं.

तोच आवाज एका हंगामात आटत चालला. आधी हाकेतला "घ्या" आखूड झाला. मग "उत्तनचा" गळाला. शेवटी नुसतं "बोंबील" उरलं, तेही दम घेऊन. गिऱ्हाईक समोरच्या कोपऱ्याकडे वळू लागलं.

आयरिनने कारणं शोधली. पहिलं कारण, परकराची नाडी. कंबरेला नाडी पुरेना, पोट आवळायला लागलं, म्हणून ती दुकानदाराकडे जाऊन भांडली: "आटणारी नाडी देता काय?" दुकानदार म्हणाला, "मावशी, नाडी सुती आहे, पण इतकी नाही आटत." तिने दुसरी नाडी घेतली. ती पण आटली. तिसरी आटली तेव्हा आयरिनने निष्कर्ष काढला की हल्ली मालच वाईट येतो.

गावाने वेगळा निष्कर्ष काढला. हात वाळलेले, गाल बसलेले आणि पोट मात्र पुढे. आयरिनची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण गावाला ते कसं माहीत असणार? चर्चच्या पायऱ्यांवर एका म्हातारीने तिचा हात धरून हळूच विचारलं, "कितवा गो?" धक्क्यावर मायकेलच्या पाठीवर थापा पडू लागल्या. मायकेल मुळातच कमी बोलणारा. त्याने नाकारलं नाही. आयरिनने विचारलं तर म्हणाला, "एवढी वर्सं कोण थाप मारत नव्हता."

शेवटी कॅरेननेच आईला धरून जवळच्या डॉक्टरकडे नेलं. फोटो काढला तर छातीच्या उजव्या बाजूला पाणी. डॉक्टरांनी टीबीची शंका घेतली. पाठीत सुई घालून पाणी काढलं, तपासायला पाठवलं. आयरिनने घरी येताच आपली ताटवाटी वेगळी केली आणि ती ओटीवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. तपासणीत टीबी निघाला नाही. तिला थोडं वाईटच वाटलं. ताटवाटीचं आता काय करायचं?

पाणी काढल्यावर दोन घटका श्वास मोकळा झाला होता. पण ते पुन्हा भरलं. भरती यावी तसं, आवाज न करता.

मग मीरा रोडचं मोठं इस्पितळ. तिथे पोटाची सोनोग्राफी झाली आणि कळलं की पाणी पोटातही आहे, आणि त्या पाण्यात, डाव्या अंडाशयावर, नारळाएवढी टणक गाठ आहे. रक्त तपासलं. त्यातला एक आकडा वाढलेला होता. कॅरेनने तो आकडा मोबाइलवर शोधला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली.

तिथल्या डॉक्टर सलोनी वयाने कॅरेनहून थोड्याच मोठ्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"आंटी, तुमच्यापासून काही लपवत नाही. अशी गाठ, पोटात पाणी, छातीत पाणी, हे तिन्ही एकत्र दिसलं की आम्ही आधी कॅन्सरच समजतो. पण तुमचं पाणी आम्ही पुन्हा काढून तपासलं. दोन्ही ठिकाणच्या पाण्यात एकही वाईट पेशी नाही. आणि गाठ आतून भरीव दिसतेय, दोरखंड गुंडाळून ठेवावा तशी. क्वचित दिसणारी एक गाठ असते, स्वभावाने गरीब. कुठे पसरत नाही, कुणाला खात नाही. फक्त पाणी करते. ती काढली की पाणी आपोआप जातं."

"आपोआप?" आयरिनने विचारलं.

"आपोआप."

"रक्तातला आकडा वाढलाय ना पण?" कॅरेन म्हणाली.

"या गाठीतही तो वाढू शकतो. म्हणून तर फसायला होतं. नक्की काय ते गाठ काढून तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. पण आशा ठेवायला जागा आहे."

आयरिनने डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि तिला सगळं कळलं. माणसं ओळखण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही, हा तिचा जन्माचा अभिमान. आणि "आपोआप" हा शब्द तर तिचाच होता. कधी वलांडीवरचा माल पुरता वाळलेला नसला, बोटाला ओलसर लागला, तर ती गिऱ्हाइकाला हसून सांगायची, "घरी नेऊन जरा उन्हात टाका, आपोआप सुकेल." तो कधीच आपोआप सुकत नसे. समोरची पोरगी हसून तिला ओला माल विकत होती. विकणारीला विकायला निघाली होती!

बाहेर आल्यावर तिने कॅरेनला सांगितलं, "डॉक्टर चांगली हाय. खोटं बोलताना डोल्यांत पाणी येत न्हाय तिच्या."

"मम्मी, ती खरं बोलतेय."

"तू ऑफिसातली. तुना काय कलतंय?"

ऑपरेशनला तिने होकार दिला तो कॅरेनसाठी. परत येणार नाही याची तिला खात्री होती. मग एकदा खात्री झाल्यावर मात्र तिने काम नीट हातात घेतलं. फादरना भेटली. अंत्ययात्रेच्या बँडवाल्याचं नाव मायकेलच्या कानावर घातलं. लग्नातला फोटो भिंतीवरून काढून पुसला; त्यातून मायकेलला कापता येईल का, याचा विचार केला. आणि सगळ्यात मोठा प्रश्न उरला तो ओट्याचा. कॅरेन तिथे बसणार नाही हे उघड होतं. रिकामी जागा बाहेरचा कुणी व्यापारी बळकावणार हेही उघड होतं. रविवारी प्रवचनात फादर शत्रूला क्षमा करण्याबद्दल बोलले तेव्हा आयरिनला वाटलं, हे आपल्याकडेच बघून बोलतायत. फादर खरं तर तिच्या मागच्या खांबावरच्या घड्याळाकडे बघत होते.

या बाजारात जागेचे कागद नसतात. सगळ्यांच्या देखत जिच्या हातात तागडी दिली, जागा तिची. दिलेली तागडी परत मागत नाहीत. मागणारीचं नाव पुढे शिवीसारखं वापरतात.

हे सगळं ठाऊक असताना आयरिन अबोली माळून बाजारात उतरली, सासूची तागडी दोन्ही हातांत धरून समोरच्या कोपऱ्यात गेली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट बोलली.

"जेसिका. ही सासूची तागडी. ती दारातली जागा. आजपासून तुजी."

जेसिकाने हातातला बोंबील खाली ठेवला. "का गो? तुना झायलं काय?"

"मना बोलावणं आयलंय."

"कुणाचं?"

आयरिनने डोळे वर केले. जेसिकानेही वर पाहिलं. वर पत्रा होता.

"कॅन्सर हाय," आयरिन म्हणाली. डॉक्टरांनी "कदाचित" म्हटलं होतं, "नसूही शकेल" म्हटलं होतं. पण ते शब्द या प्रसंगात शोभले नसते, म्हणून तिने ते गाळले. "जे काय बोलली असन ते माफ कर. मीपन केलं."

जेसिका उठली. तिने हात आधी पदराला पुसले आणि मग तागडी घेतली. डोळ्यांपुढे उचलून धरली. आयरिन वाट बघत होती की आता ही गळ्यात पडेल.

"साखळी एका बाजूनं लांब झायली हाय," जेसिका म्हणाली. "कवापास्न?"

ऑपरेशनच्या आधी टेबलावर झोपवलं तेव्हा आयरिनच्या मनात शेवटचा विचार साखळीचा होता, ही गोष्ट तिने फादरना अजून सांगितलेली नाही.

डोळे उघडले तेव्हा वर पंखा फिरत होता. स्वर्गात पंखा असेल, यावर तिचा पटकन विश्वास बसला. पण त्याच्या पात्यांवर धूळ होती. मग कॅरेनचा चेहरा दिसला, ओला आणि हसणारा. मग डॉक्टर सलोनी.

"आंटी, कॅन्सर नाही. गाठीचा तुकडा ऑपरेशन चालू असतानाच तपासून घेतला. तीच गाठ निघाली, गरीब स्वभावाची. पुरा रिपोर्ट येईल, पण मला शंका नाही. दोन्ही अंडाशयं आणि पिशवी काढलीय, त्यामुळे पुन्हा भीती नको."

आयरिनने कोरडे ओठ हलवले. कॅरेन वाकली. आई देवाचं नाव घेईल, नाहीतर डॅडींचं, असं तिला वाटलं.

"मेली," आयरिन पुटपुटली. "माजी तागडी."

नर्स म्हणाली, भुलीचा अंमल आहे.

अंमल नव्हता. जिवंत राहिल्याचा आनंद तिला व्हायचा तेवढा झाला, पण त्याच्या पोटात हा काटा रुतून बसला. जेसिका मांदेलीच्या साराचा डबा घेऊन बघायला आली तेव्हा आयरिनने डोळे मिटले आणि श्वास जड केला.

"डोळे उघड," जेसिका म्हणाली. "नर्सनं सांगितलं बाहेर. ठणठणीत हायस."

आयरिनने एक डोळा उघडला. "मंग आता... मी बरी झायली म्हंजे ते आपलं..."

"सार पी. थंड होतंय."

रिपोर्ट आला, डॉक्टर म्हणाल्या तसाच. टाके काढायला गेली तेव्हा छातीचा नवा फोटो काढला. डॉक्टर सलोनींनी तो उजेडात धरला. मागच्या फोटोत उजवी बाजू खालून पांढरी होती, धुक्यात बुडलेल्या खाडीसारखी. आता दोन्हीकडे फासळ्या मोजता येतील इतकं स्वच्छ. पोटही आत गेलं होतं. नाडी आता इतकी उरत होती की तिची गाठ फुलासारखी लोंबायची.

"पाणी कुठं गेलं?" आयरिनने विचारलं.

"आपोआप गेलं."

आयरिनने मान खाली घातली. जगात एखादी गोष्ट खरोखर आपोआप सुकू शकते, हे तिला उतारवयात समजलं होतं.

डॉक्टरांनी शिकाऊ मुलामुलींना बोलावलं. "हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. सगळं कॅन्सरसारखं दिसतं आणि नसतं. पेशंटला आधीच मरणाची बातमी देऊन मोकळं व्हायचं नाही, म्हणून दाखवतेय." पोरं तिच्याभोवती गोळा झाली. आयरिनने केस सारखे केले. आपल्या पोटात काहीतरी साधंसुधं नव्हतं, दुर्मीळ होतं, याचा तिला अभिमान वाटू लागला होता.

"आंटी, अभी कैसा लगता है?" एकाने विचारलं.

"हलका," आयरिन म्हणाली. "और बावळट."

वजन उचलायला मनाई होती, म्हणून ती काही आठवडे वलांडीखाली खुर्ची टाकून बसली. वर बोंबलांच्या झालरी. समुद्रावरून वारा यायचा आणि ती तो आत घ्यायची, सावकाश, उजव्या बाजूला अगदी तळापर्यंत. तिथे इतके दिवस पाणी होतं. आता नुसती जागा होती, धुऊन ठेवलेल्या पाटीसारखी. रोज ती श्वास आत घेऊन थोडा वेळ धरून ठेवायची. या श्वासाचं करायचं काय, हा प्रश्न मात्र भाईंदरला उभा होता.

गावाने तिला बरी झाल्याबद्दल माफ केलं, पण जरा वेळ लागला. जिने तिच्यासाठी नऊ दिवसांची नोव्हेना केली होती तिला वाटलं, तिच्यामुळे झालं. जिने काळं लुगडं धुवून ठेवलं होतं ती काही दिवस दारावरून बोलली नाही.

आयरिनने मायकेलला मध्ये घालायचं ठरवलं. "तू दीर हायस तिचा. सांग तिला."

मायकेलने जाळ्यातून मान वर केली नाही. "मी फाटलेलं शिवतो. हे मी फाडलं न्हाय."

मग ती स्वतः गेली. अबोली न माळता. दारालगतच्या ओट्यावर जेसिका बसली होती, सावलीत. तागडी टांगलेली. साखळी दुरुस्त केलेली.

"जेसिका, मी मागायला न्हाय आली," आयरिनने सुरुवात केली.

"मंग बरं झालं."

"म्हंजे, मी दिली तवा मना वाटलं का मी मरतंय."

"मनापन वाटलं."

"मी मेली न्हाय गो!"

"दिसतंय." जेसिकाने जवळ्यावरची माशी हाकलली. बाजारातल्या बायका हातातलं काम सोडून ऐकत होत्या. "ऐक आयरिन. तू मेली असतीस ना, तर ही जागा मी कॅरेनसाठी धरून ठेवली असती. चर्चमधी मेणबत्ती लावून तसं बोललेली मी. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडत न्हाय. पन तू तं जिती हायस. जित्या जावेला मी का म्हणून सोडू?"

इतक्या वर्षांत आयरिनशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. बरेच महिने सगळे तिच्याशी मऊ आवाजात बोलत होते, पांघरूण घातल्यासारखे. ही एकटी बाई तिच्याशी धडधाकट माणसाशी भांडावं तशी भांडत होती.

"आनि तुजा कुठं धंदा बुडलाय?" जेसिका म्हणाली. "माजी जागा रिकामी हाय की. गटारावरची."

बाजार हसला. गटाराची राणी हे नाव कुणी ठेवलं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या आठवड्यात आयरिन पाटी घेऊन आली. पाटी बसमधून उतरवून ओट्यापर्यंत मायकेलने आणून दिली. ती कोपऱ्यातल्या ओट्यावर बसली. ऊन थेट डोळ्यांवर. फरशीच्या फटीतून वास. इथे माणूस इतकी वर्षं कसा बसला, असं तिच्या मनात आलं, आणि हा विचार मनात आलाच नसता तर बरं झालं असतं, असंही लगेच वाटलं. तिने प्लॅस्टिकचा तराजू पुढे ठेवला. बोंबील मांडले. गिऱ्हाइकं दारातून शिरत होती आणि सवयीने पहिल्या ओट्याशीच थांबत होती. तिची जुनी माणसं. एक बाई जेसिकालाच म्हणाली, "आयरिन मावशी, बारीक झालात हो!" जेसिकाने दुरुस्तही केलं नाही.

आयरिनने पदर खोचला. श्वास घेतला. तो छातीत उतरत गेला, उजवीकडे, खाली, जिथे पाणी होतं तिथपर्यंत, आणि कुठेही अडला नाही.

"घ्याऽऽ बोंबील! उत्तनचा बोंबीऽऽल!"

पत्रा दणाणला. मिरचीवाल्याच्या हातातून सूप निसटलं. वरच्या इमारतीत एक खिडकी धाडकन बंद झाली. जेसिकासमोरची ती गिऱ्हाईक बाई वळली, तिने कोपऱ्यातल्या उन्हाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि "अगं बाई, मावशी तुम्ही तिकडे!" म्हणत पिशवी सावरत इकडे यायला निघाली.

जेसिकाने तागडी खाली ठेवली. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि या वेळी कुठल्याही गिऱ्हाइकामार्फत नाही, ती ओरडली, "सावकाश गो भवाने! टाके तुटतील!"